किलोमीटरचा भाव

मॅरेथॉन पूर्ण करण्याचा तोटा असा, की पुढे जन्मभर काहीही पळालात तरी ते लोकांना कमीच वाटतं. "फक्त पाच किलोमीटर?" असं विचारणारे गृहस्थ स्वतः कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर काढतात.

मुळात ४२.१९५ हा आकडाच संतापजनक. १९०८च्या लंडन ऑलिंपिकात शर्यत विंडसर कॅसलपाशी सुरू होऊन राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी, म्हणून अंतर एवढं झालं आणि १९२१मध्ये तेच कायम झालं. शेवटच्या दोन किलोमीटरांत मी ब्रिटिश साम्राज्याचा यथेच्छ उद्धार केला. गोव्यावर तर त्यांचं राज्यही नव्हतं!

जितके मैल पळालात तितके दिवस आराम, असा धावणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. मॅरेथॉन सव्वीस मैलांची. ते सव्वीस दिवस मी श्रद्धेने पाळले; मग पाऊस आला. गोव्यात पावसाच्या नावावर चार महिने सहज खपतात, त्यावर चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी.

आता पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पुन्हा सुरुवात केली आहे. पहाटेसुद्धा हवा अशी दमट, की पहिल्या वळणावरच बनियन पिळावा. त्यात चड्डी ९२ किलोच्या माणसासाठी घेतलेली आणि आत माणूस ७४ किलोचा. एक हात घड्याळ बघायला, दुसरा नाडी धरायला.

इतकं वजन उतरवल्याबद्दल कौतुक व्हावं, ही अपेक्षा माफक होती. शेजारच्या मावशींनी गेटापाशी थांबवून आवाज खाली आणला, "कितें रे, शुगर जाली?"

खरा अन्याय मात्र हिशेबातला आहे. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. म्हणजे पाच किलोमीटरला पूर्वी ४६० जळत, आता ३७०. मेहनत करून वजन उतरवलं, तर त्याच रस्त्याची मजुरी नव्वदने कापली! जाड असताना एक पोळी जास्त खायची मुभा होती. आता बारीक झालो, तर तीही गेली. कुठल्याही कामगार संघटनेने यावर संप पुकारला असता.

हा हिशेब मनात चालू असतानाच मागून पों-पों. पदेर, म्हणजे आमचा पाववाला. सायकलला भलीमोठी टोपली, पायात स्लिपर, तरी मला आरामात गाठलं. मी वाट द्यायला बाजूला झालो, त्याला वाटलं गिऱ्हाईक.

"कितले?"

उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, वास इतका ताजा होता की 'नको' म्हणवेना. पण खिशात सुटे ठेवले की चड्डी खाली येते, म्हणून पैसे नव्हते.

"फाल्यां दी," म्हणजे उद्या दे, म्हणत त्याने पिशवी हातात दिली.

परतताना एका हातात उंडे, दुसऱ्या हातात नाडी. घड्याळासाठी हात उरला नाही, तेव्हा वेळ उत्तमच आली असणार असं मी धरून चाललो आहे.