अमेरिकी सरकार ‘बंद’ पडणं म्हणजे दिवाळं निघणं नव्हे

‘खजिना रिकामा झाला की अमेरिकेचं सरकार बंद पडतं आणि भारतीयांचे सगळे व्हिसा थांबतात,’ असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. पहिलं विधान साफ चुकीचं, दुसरं बरंचसं.

पैसा असतो, खर्चाची मंजुरी नसते. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाची विधेयकं किंवा तात्पुरती मुदतवाढ मंजूर केली नाही, तर खात्यांचे हात कायद्यानेच बांधले जातात. १९९५-९६ मध्ये खर्चकपात किती करायची यावरून अध्यक्ष क्लिंटन आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेली संसद हट्टाला पेटले आणि दुसऱ्या खेपेला २१ दिवस कारभार अडला. कर्जफेड मात्र चुकली नाही. कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकारने जास्तीत जास्त किती कर्ज घ्यावं याचा वाद हा वेगळा विषय आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

खरी झळ बसते ती कर्मचाऱ्यांना. २०१८-१९ मध्ये सरकार ३५ दिवस बंद होतं, तेव्हा विमानतळावर बॅगा तपासणारे रोज ड्युटीवर होते आणि पगाराच्या पावतीवर आकडा होता शून्य! थकलेला पगार नंतर मिळतो, पण घरभाडं तोवर थांबत नाही.

व्हिसाचं काम मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, त्यामुळे ते सहसा सुरू राहतं. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी आधी कामगार खात्याची मंजुरी लागते आणि २०१३ मध्ये ते काम खरोखरच थांबलं होतं. ज्यांच्या मुलांचे अर्ज त्या टप्प्यावर आहेत, त्यांनी वकिलाला एवढंच विचारावं: ही मंजुरी हातात आली आहे का?