कट्टा उखडून काम मिळत नाही

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "चौकातले कट्टे, बाकडी काढून टाका. रिकामटेकडे आपोआप कामाला लागतील. बोलायचंच असेल तर मोबाईल आहे की."

आधी 'रिकामटेकडे'. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्या काय कामगारांच्या आळसानं बंद पडल्या? यंत्रमागावर आजही मजुरी बहुतेक पिसावर, म्हणजे जेवढे नग विणले तेवढीच. चादर-टॉवेलला उठाव नसला की माग थांबतो आणि माणूस घरी.

'आपोआप कामाला लागतील' हे तर कट्टा न पाहिलेल्याचं बोलणं. माझे वडील मागावर होते. कारखाना बंद झाल्यावर ते रोज सकाळी अशोक चौकाजवळ एका मंडळाच्या बाकड्यावर जायचे. एकच पेपर, पानं सुटी करून चौघांत वाटलेली. पानांची अदलाबदल चालू असतानाच कुणीतरी सांगायचं, "अण्णा, साखर पेठेत दोन मागांवर माणूस पाहिजे, आजच जावा." त्यांची पुढची दोन्ही कामं अशीच मिळाली. मग रस्त्याला अडथळा म्हणून बाकडं हललं. त्यानंतरच्या एका कामाची बातमी वडिलांना आठ दिवसांनी कळली. तोवर माग दुसऱ्याच्या हातात गेला होता.

बरं, बाकडं काढलं तर माणूस जातो कुठं? ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली. तिथं राहून पाहणी करणाऱ्यांना दिसलं, की हाताशी वेळच वेळ असूनही वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं १९२९ ते १९३१ या काळात जवळपास निम्म्यावर आली, तीही वर्गणी माफ असताना. काम सुटलं की माणूस आक्रसतो, घराबाहेर पडणंच जड जातं. अशा माणसाचं उरलंसुरलं बाकडंही काढायचं?

मोबाईलचं म्हणाल, तर रिचार्जला पैसे लागतात. शिवाय "काम आहे का हो?" म्हणून फोन लावायला जीभ रेटत नाही. कट्ट्यावर न विचारता कळतं.

आणि बायका? मेसेजमध्ये त्या नाहीतच. आमच्याकडे हजारो बायका घरी विड्या वळतात. वळलेल्या विड्या मोजून द्यायला कारखान्यात जायचं, तिथली रांग हाच त्यांचा कट्टा. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाला खोकल्यानं झोप नाही, सगळं तिथं कळतं. कामाचे दिवस कमी झाले की मजुरीसोबत हे बोलणंही बुडतं.

म्हणून बाकडी काढू नका, त्यांच्यावर पत्रा टाका, शेजारी पिण्याचं पाणी ठेवा. सोलापूरच्या उन्हात निदान एवढं तरी करा. आणि विडी कारखान्यांबाहेर बायकांना टेकायला तशीच जागा द्या.