वहीत मावशींचं नाव होतं, माझं नव्हतं

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, केक चालू करतेय, अर्धा किलोचे किती लावू गं? मी विचारलं तुला पडतो कितीला, तर मैदा, लोणी, क्रीम, बॉक्स सगळं रुपयात सांगितलं तिने, अगदी चेरीसकट. म्हटलं आणि तुझे? तर म्हणे माझे कसले, मी तर घरीच असते. हे वाक्य मी स्वतः तीन वर्षं म्हणत होते त्यामुळे आज जरा लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

मी डोंबिवलीत घरून चकली आणि भाजणी विकते. 2019 च्या दिवाळीत सोसायटीतल्या चार घरांपासून सुरू झालं, मग लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर वाढलं. 2021 ला एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायला लागतं ते सरकारी, बेसिक रजिस्ट्रेशन काढलं. त्याची सरकारी फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती, आणि एका एजंटने मला दीड हजार सांगितले होते! उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) तर फुकट आहे, ऑनलाइन आधार-पॅन घालून स्वतःची स्वतः होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कागदपत्रं हा या सगळ्यातला सोपा भाग, दोन दुपारी जातात आणि संपतं.

अवघड भाग वहीत आहे. माझी एक लाल वही आहे, किराण्याच्या दुकानातली. 2021 च्या भाऊबीजेच्या रात्री सगळे झोपल्यावर ती घेऊन बसले. 62 किलो चकली गेली होती, 340 रुपये किलोने. किलोमागे भाजणीचं सामान आणि दळण 95, तेल 55, गॅस 15, पाकीट आणि स्टिकर 15, म्हणजे खर्च 180, सुटले 160. बासष्ट गुणिले एकशे साठ, नऊ हजार नऊशे वीस. दहा हजार सुटले म्हणून मी मनातल्या मनात पैठणीपर्यंत जाऊन आले.

मग खाली लिहिलेलं वाचलं. सोऱ्या फिरवायला मावशी यायच्या, बारा दिवस रोज दोन तास, तासाला शंभर, गेले 2400. रिक्षा-डिलिव्हरी 900. आणि एका दिवशी मोहन जास्त पडलं, पाच किलो चकली मऊ पडली, ती लोकांना बदलून दिली, गेले अजून 900. उरले 5720. मग सहज म्हणून माझे तास मांडले. सकाळी डबे झाल्यावर उभी राहायचे ती संध्याकाळी दिवे लागेपर्यंत, वर रात्रीचं पॅकिंग, वाशीला जाऊन सामान आणणं, "ताई कुठपर्यंत आलं" चे फोन, सगळं धरून 110 तास तरी. पाच हजार सातशे वीस भागिले एकशे दहा. बावन्न रुपये.

म्हणजे माझ्याच ओट्यावर, माझ्याच कढईशेजारी, मावशींना तासाला शंभर आणि मालकीणबाईंना बावन्न. आणि मावशींचे द्यायचेच होते, त्यांचा दर ठरलेला, त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलेला, त्यात लाज कसली. लाज मला वाटायची माझा दर लावायची. वहीत तेलाला रकाना, स्टिकरला रकाना, मावशींना रकाना. मला नाहीच.

आणि लोकंही काय, आपण जे मागतच नाही ते कशाला देतील. "छान वेळ जातो ना तुझा?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय. वेळ जातो हो, माझाच जातो. एका नात्यातल्या बाईंनी "घरचंच तर आहे" म्हणून किलोमागे चाळीस रुपये कमी करून घेतले आणि त्याच चकल्या कुरियरने मुलीकडे न्यूजर्सीला पाठवल्या, कुरियरवाल्याने किलोला जे घेतलं ते चकलीच्या भावापेक्षा जास्त होतं, तिथे एक रुपया कमी करा म्हणाल्या नाहीत. कारण त्याचं रेटकार्ड होतं. माझं नव्हतं. दोष त्यांचा अर्धाच, अर्धा माझा.

आपल्याला हिशोब येत नाही असं मात्र कुणी म्हणू नका, ते मला अजिबात पटत नाही. साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली ती गोष्ट माहितीये ना? पहिला अर्ज नामंजूर झाला कारण त्यातल्या बायका निरक्षर, अंगठा लावणाऱ्या. त्या अक्षरं शिकल्या, परत रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशोब घाला आणि तुमच्या साहेबांनाही घाला, कॅल्क्युलेटर न घेता, बघू कुणाचा आधी होतो. 1997 ला बँक सुरू झाली. भाजीवाल्या मावशी बघा, सव्वा पावाचा भाव तोंडी सांगतात. हिशोब सगळा येतो, फक्त स्वतःपाशी आला की बोट थांबतं.

कारणही कळतं म्हणा. सरकारचा 2019 चा वेळ-वापराचा एक सर्व्हे आहे, कोण दिवसभरात कशात किती वेळ घालवतं याचा. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा रोज 299 मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि पुरुष (जे करतात ते!) 97. पाच तास फुकट राबायची सवय असलेल्या बाईला सहाव्या तासाचे पैसे मागायला जीभ कशी रेटणार. ओटा तोच, गॅस तोच, कढई तीच. मग कुठलं काम घरचं आणि कुठलं धंद्याचं, हे तिलाच कळेनासं होतं.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळे देतात, गिरगाव, 1959, गच्चीवर सात जणी, 80 रुपये उसने घेतलेले, जसवंतीबेन पोपट. दरवेळी ते ऐंशी रुपयेच सांगतात, जिद्द वगैरे. मला त्यात वेगळंच आवडतं. तिथे पापड लाटण्याच्या मजुरीला नाव आहे, वणाई. बाई पीठ घरी नेते, लाटून आणते, किलोवर वणाई घेते. तीही घरीच लाटते की, पोळपाट तिचंच, पण लाटण्याचा दर ठरलेला. "मी तर घरीच असते" ला तिथे जागा नाही.

तर 2022 ला मी वहीत रकाना आखला. काय लिहावं सुचेना, "मी" लिहिणं फार विचित्र वाटलं, शेवटी "कारागीर" लिहिलं. कारागिराचे तासाला दीडशे. चकलीचा भाव गेला 480 वर. नवरा म्हणाला, "अगं कोण घेईल." एकतीस घरांपैकी नऊ घरं गेली, हो गेली, खोटं कशाला सांगू, त्यातली दोन तर माझ्या बिल्डिंगमधली आहेत आणि लिफ्टमध्ये भेटलो की अजूनही जरा हवापाण्यावर बोलतो. ती दिवाळी कमी चकली केली, पैसे जास्त उरले आणि लक्ष्मीपूजनाला मी आंघोळ करून वेळेत बसले होते, जे त्याआधी दोन वर्षं झालं नव्हतं.

कमी भाव लावून मग हळूहळू वाढवू असं म्हणणाऱ्यांशी माझं इथेच भांडण आहे. वाढवता येत नाही. 340 ची सवय लागलेल्या माणसाला 480 म्हणजे चोरी वाटते, आणि पहिल्याच दिवशी 480 ऐकलेला मुकाट देतो.

आता यातली खरी गंमत. एवढा मोठा रकाना आखून मी भारी खूश होते, आणि भाजणी कोण भाजतं? सासूबाई. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, सगळं धुऊन पंच्यावर सावलीत वाळवायचं, मग एकेक वेगळं मंद गॅसवर, धणे-जिरे शेवटी. हात लावू देत नाहीत, मी भाजली की करपते म्हणतात आणि ते खरं आहे. लोकं माझ्या चकलीचं कौतुक करतात ते निम्मं त्या भाजण्याचं. चाळीस किलो भाजली होती त्यांनी, खुर्ची घेऊन गॅससमोर बसून, गुडघ्याला तेल लावून. वहीत? शून्य. मीही तेच केलं होतं, घरचंच तर आहे.

किलोला पंचवीस धरून हजार रुपये पाकिटात घालून दिले तर रागावल्या. "मला मजुरी देतेस?" दोन दिवस बोलल्या नाहीत नीट. पाकीट देवघरात तसंच पडलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तर चष्मा लावून माझी लाल वही उघडून बसलेल्या, बोट त्यांच्या आकड्यावर.

"अगं, गेल्या वर्षीचं नाही धरलंस यात?"