रंगाखालची ओल

आज दुपारी एक घर पाहून आलो आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. दार उघडताच ताज्या रंगाचा वास आला. दिवाणखान्यात नवेकोरे फॉल्स सीलिंग होते, त्यात ओळीने दिवे होते आणि स्वयंपाकघरातला ओटा तर तोंड दिसेल इतका चकचकीत होता. शयनगृहातले कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले दिसले, म्हणून मी सहज मागे हात घातला. भिंत गार आणि दमट लागली. रंगाला आलेला एक फुगा अंगठ्याखाली फुटला आणि बोटांना मिठासारखी पांढरी भुकटी चिकटून आली. पलीकडे नहाणीघर आहे, हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

घर विकायचे ठरले की लोकांना आधी रंगारीच कसा आठवतो? भिंतीत मुरलेले पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन पृष्ठभागावर येते, पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच राहतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. वरून महागड्या रंगाचे कितीही हात मारा, पाण्याची वाट बंद केल्याशिवाय तो टिकत नाही. तरीही ‘रंग लावून घ्या, खर्च वसूल होईल’ असा सल्ला देणारे मध्यस्थ पैशाला पासरी भेटतात, आणि तो ऐकणारे आपण त्यांच्याहून शहाणे नसतो.

आपण म्हणतो, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. आई गेल्यानंतर तिचे घर विकायला काढले, तेव्हा धाकट्या भावाचे न ऐकता मी स्वयंपाकघर पार बदलून टाकले आणि छतही सजवले. चार महिने माणसे येत होती, ‘छान आहे’ म्हणत होती आणि परत जात होती. एक गृहस्थ तर छताकडे न पाहता थेट सिंकपाशी गेले, खाली उकिडवे बसले, कप्प्याचे दार उघडून त्यांनी सांडपाण्याच्या पाइपला तळहात लावला आणि ओला हात रुमालाला पुसत ‘कळवतो’ एवढेच म्हणाले. त्यांनी अर्थातच कळवले नाही.

त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. पुढे कळले की एका थेंबावरून त्या माणसाने न दिसणाऱ्या नळजोडांचा, वायरिंगचा, गच्चीचा असा सगळा हिशेब मनातल्या मनात मांडला होता आणि तो त्याच्या जागी बरोबरच होता. घेणाऱ्याला तुमचे नवे स्वयंपाकघर आवडेलच असे नाही, कदाचित तो ते पहिल्याच महिन्यात उखडून टाकील. गळका नळ मात्र कुणालाच आवडत नाही.

रंगाने फरक पडतो, हे मान्य आहे. फिकट भिंतींची खोली मोठी भासते आणि छायाचित्रातच घर मनात भरले नाही, तर पाहायला कुणी येतही नाही. पण रंग सगळ्यात शेवटी द्यायचा.

मग भावानेच सूत्रे हातात घेतली. नळांचे वायसर बदलले, फ्लशच्या टाकीची गळती थांबवली, नहाणीतल्या फरश्यांचे सांधे खरवडून नव्याने भरले. ओलसर गिलावा विटेपर्यंत काढला आणि भिंत काही आठवडे तशीच उघडी ठेवली, जे मला अजिबात सहन होत नव्हते. एका खोलीत पिवळा आणि दुसरीत निळसर पांढरा असा प्रकाश होता, तो सगळीकडे सारखा केला. खिडक्या धुतल्या, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल दिले, दाराला पॉलिश केले आणि निम्मे सामान हलवले. आईची लाकडी पेटी उचलताना आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. या सगळ्याचा खर्च माझ्या त्या छताच्या निम्माही नव्हता.

पुढच्या ग्राहकासमोर भावाने आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, टेस्टचे बटण दाबले, तो स्विच खटकन पडला आणि त्या बाई पहिल्यांदा हसल्या. सिंकखाली त्यांनीही हात घातला. तो कोरडाच बाहेर आला. किमतीची घासाघीस झाली, पण नावापुरती.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. आजच्या घराचे मालक वयस्कर होते, एकटेच होते आणि निघताना त्यांनी दारात उभे राहून ‘रंग बरा वाटला ना?’ असे विचारले. मी ‘हो’ म्हणून जिना उतरलो. ते घर मी घेणार नाही, पण उद्या सकाळी त्यांना फोन करून सांगणार आहे, की कपाट आणखी पुढे ओढा, नहाणीचे सांधे आधी भरून घ्या आणि भिंत पुरती सुकेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका.