२१ दिवसांत सवय, सहा महिन्यांत जर्मन: एका लोकप्रिय समजाचा प्रतिवाद

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. जर्मन शिकू पाहणाऱ्यांमध्ये आता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालकही आहेत. नोकरी सांभाळून, घरचे पाहून भाषा शिकायची असल्यामुळे या मंडळींना वेळेचा प्रश्न सर्वांत आधी पडतो आणि त्या प्रश्नाचे तयार उत्तर देणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर निरनिराळ्या रूपांत त्यांच्यापर्यंत पोहोचतो. त्याचा आशय असा असतो: कोणतीही सवय २१ दिवसांत लागते; रोज फक्त १५ मिनिटे ॲपवर द्यावीत, शक्यतो पहाटे पाचला उठून; एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी; व्याकरणाच्या वाटेला न जाता लहान मुलासारखे शिकावे; सर्वाधिक वापरातले १००० शब्द आले की ८० टक्के भाषा आली; आणि असे केल्यास सहा महिन्यांत बी१ पातळीची, म्हणजे भाषाज्ञानाच्या सहा युरोपीय पातळ्यांपैकी खालून तिसऱ्या पातळीची, परीक्षा देता येते.

या मजकुरात नियमितपणाचा आग्रह आहे आणि तो योग्यच आहे. बाकीची विधाने मात्र एकेक करून तपासण्यासारखी आहेत, कारण त्यांच्यावर विसंबून लोक रजा मांडतात, शुल्क भरतात आणि परीक्षेची तारीख ठरवतात.

२१ दिवसांचा आकडा आला कोठून, हे आधी पाहू. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला, किंवा अवयव कापावा लागलेल्या माणसाची तो अवयव अजून जागेवर असल्याची भावना ओसरायला, किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवले. ते एका डॉक्टराचे व्यवहारातले निरीक्षण होते, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. पुढे ते तोंडोतोंडी फिरताना त्यातला ‘किमान’ गळाला, ‘सुमारे’ गळाला, आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, पहाटे उठणे, परभाषा असे काहीही येऊन बसले.

सवय लागायला किती दिवस लागतात याचा प्रत्यक्ष अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१० साली छापून आला. त्यात ९६ स्वयंसेवकांनी दुपारच्या जेवणाबरोबर एखादे फळ खाणे, पाणी पिणे किंवा रात्रीच्या जेवणाआधी धावणे अशी एकेक साधी कृती निवडली आणि ती बारा आठवडे केली. कृती जवळजवळ न विचार करता होऊ लागण्यास लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तिगत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. (अभ्यास ८४ दिवसांचाच असल्यामुळे २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, हे ६६ दिवसांचा नवा मंत्र जपणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.) पाणी पिण्यासारखी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त काळ लागला. म्हणजे ‘कोणतीही सवय २१ दिवसांत’ या विधानातला ‘कोणतीही’ हा शब्दही टिकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या अभ्यासातल्या कृती एकदा जमल्या की पुढे तशाच राहतात. आज प्यायलेले पाणी आणि सहा महिन्यांनी प्यायलेले पाणी यांत काठिण्याचा फरक नसतो. भाषेचे तसे नाही. सवय लागणे म्हणजे एखादी गोष्ट लक्ष न देता होऊ लागणे, आणि शिकणे म्हणजे जे अजून येत नाही त्याकडे लक्ष देणे. तेव्हा अभ्यासाला बसणे ही सवय होऊ शकते. बसल्यानंतर जे करायचे तेही सवयीचे झाले तर शिकणे थांबते. एखादी व्यक्ती दोनशे दिवस न चुकता ॲप उघडते, ओळखीच्या चित्रांखालचे ओळखीचे शब्द टिचकीने निवडते, हिरवी खूण मिळवते, आणि तरीही समोरच्या जर्मन माणसाला आपल्या कालच्या दिवसाबद्दल चार वाक्ये सांगू शकत नाही. अशी उदाहरणे कोणत्याही वर्गातले शिक्षक सांगतील. त्या व्यक्तीची शिस्त खरी असते. फक्त ती शिस्त सोप्या गोष्टीवर खर्च झालेली असते.

नुसत्या उजळणीच्या मर्यादाही प्रयोगातून दिसल्या आहेत. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारा. मजा अशी, की वाचणाऱ्यांना आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वासही अधिक होता. पंधरा मिनिटे सुखाची गेली, म्हणजे ती कामी आली असे होत नाही.

आता वेळेचा हिशेब. रोज १५ मिनिटे याप्रमाणे २१ दिवसांत सव्वापाच तास होतात आणि १८० दिवसांत ४५ तास. जर्मनीत स्थलांतरितांसाठी जो सरकारी एकात्मता अभ्यासक्रम चालतो, त्याच्या सर्वसाधारण स्वरूपात बी१ पातळी गाठण्यासाठी भाषेच्या ६०० तासिका असतात, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. म्हणजे ४५० तास. संदेशातले सहा महिने या मापाने बरोबर एक दशांश भरतात. उरलेले नऊ दशांश त्याच गतीने गाठायचे तर एकंदर सुमारे पाच वर्षे लागतील. आणि ते साडेचारशे तास वर्गातले आहेत. त्यांत घरचा अभ्यास धरलेला नाही. शिवाय तिथला विद्यार्थी वर्ग सुटल्यावर ज्या दुकानात शिरतो, ज्या बसमध्ये बसतो, तिथेही जर्मनच ऐकतो. नाशिकच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला ते मिळत नाही. बुद्धी, पूर्वतयारी आणि शिक्षक यांनुसार या आकड्यात बराच चढउतार होतो, हे मान्य. पण दहापट फरक चिकाटीने भरून निघत नाही.

परीक्षेचे स्वरूप पाहिले तर हा हिशेब आणखी बिकट होतो. गोएथे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या, बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार विभाग असतात आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० टक्के गुण लागतात. लेखनात मित्राला आणि औपचारिक नात्यातल्या व्यक्तीला पत्र, शिवाय एखाद्या विषयावर मत मांडायचे असते. संभाषणात दुसऱ्या उमेदवाराबरोबर काहीतरी ठरवायचे, छोटे सादरीकरण करायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. पर्यायांतून योग्य शब्द निवडण्याच्या सरावाने यातली निम्मी परीक्षा अस्पर्शितच राहते. परिचारिकेच्या व्यवसायाला पूर्ण मान्यता मिळवायची असेल तर बहुतेक जर्मन राज्यांत याच्याही वरची, बी२ पातळी मागतात.

१००० शब्द आणि ८० टक्के भाषा, हा दावा सर्वांत फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कोणत्याही भाषेत थोडे शब्द फार वेळा येतात, आणि इंग्रजीबाबत मोजदाद झाली आहे की सर्वाधिक वारंवारतेचे साधारण २००० शब्द बहुतेक मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. पण मजकुराचे ८० टक्के शब्द ओळखणे म्हणजे ८० टक्के अर्थ कळणे नव्हे. हे आपल्याच भाषेत करून पाहता येईल. पाळी संपवून जाणारी परिचारिका दुसरीला सांगते: ‘रुग्णाला जेवणानंतर ही … द्यायची आहे, पण … कमी असेल तर द्यायची नाही आणि डॉक्टरांना लगेच … .’ या वाक्यात सतरापैकी चौदा शब्द शाबूत आहेत, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक. तरी काय द्यायचे, काय मोजायचे आणि डॉक्टरांच्या बाबतीत काय करायचे, या तीनही गोष्टी हरवल्या. गोळी, रक्तदाब आणि कळवणे हेच शब्द गेले, आणि तेच सांगायचे होते. वारंवार येणारे शब्द वाक्य बांधतात. माहिती मात्र बहुधा कमी वेळा येणाऱ्या शब्दांत असते. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी इंग्रजीसाठी २००६ साली केलेल्या मोजणीनुसार कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीविना वाचायला ८००० ते ९००० शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) लागतात आणि बोलणे समजायला ६००० ते ७०००. पहिले १००० शब्द आधी शिकावेत, याबद्दल वाद नाही. ते उंबरठ्यापर्यंत नेतात, इतकेच.

लहान मुलासारखे शिकावे, व्याकरण नको, हा सल्ला ऐकायला गोड आहे. पण मूल भाषा शिकते तेव्हा ते जागेपणीचा बहुतेक वेळ त्या भाषेत असते, त्याला पोट भरण्याची चिंता नसते, आणि घरातले सगळे त्याच्याशी सावकाश, पुन्हा पुन्हा, चुका पोटात घालून बोलत असतात. इतके करून तीन वर्षांचे मूल औपचारिक पत्र लिहू शकत नाही. पंधरा मिनिटांच्या माणसाने त्याची पद्धत उचलायची असेल तर त्याचे तासही उचलायला हवेत. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे; त्यात सुरुवातीच्या महिन्यांत डच भाषेत किशोरवयीन आणि प्रौढ पुढे होते आणि तीन ते पाच वर्षांची मुले मागे. पुढे अनेक वर्षांनी उच्चारात मुले मोठ्यांना मागे टाकतात, हे खरे आहे. पण सहा महिन्यांत परीक्षा देऊ पाहणाऱ्या प्रौढाची जमेची बाजू हीच, की त्याला नियम समजतो आणि तो समजून वापरता येतो.

मराठी माणसाने तर ही जमेची बाजू सोडणे विशेष करंटेपणाचे आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, आपल्याकडेही आहेत. निर्जीव वस्तूला लिंग असते आणि ते नामाबरोबरच शिकावे लागते, हे इंग्रजी भाषकाला चमत्कारिक वाटते. तो दगड, ती भिंत, ते झाड म्हणत वाढलेल्याला त्यात नवल नाही. नाम वाक्यात कोणते काम करते त्यावर रूप ठरते, ही विभक्तीची कल्पना आपण शाळेत शिकलेलो आहोत, मग त्या तक्त्याचा त्या वेळी कितीही कंटाळा आलेला असो. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तिथेही मराठी कान बिचकत नाही. पण हे साम्य उपयोगी पडायचे तर कोणीतरी ते दाखवून द्यावे लागते, आणि ते दाखवणे म्हणजेच व्याकरण शिकवणे. तसेच सगळ्या भाषा एकाच मुदतीत येत नाहीत, हेही यातूनच निघते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना फ्रेंच किंवा स्पॅनिशसाठी साधारण २४ ते ३० आठवडे देते आणि जपानीसाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास. हे आकडे मराठी भाषकाला जसेच्या तसे लागू करणेही चूक होईल. जपानीची कर्ता-कर्म-क्रियापद ही रचना आणि नामानंतर येणारे प्रत्यय आपल्याला जवळचे आहेत. कांजी लिपी मात्र पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही तेवढीच घाम फोडते.

पहाटे पाचचा आग्रह थोडक्यात आटोपता येईल. ज्या परिचारिकेची रात्रपाळी सकाळी संपते तिला पाच वाजता उठायला सांगण्यात अर्थ नाही. सवयीच्या अभ्यासात कृती घड्याळाऐवजी रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडलेली होती, उदाहरणार्थ न्याहारी. पाळीवरून येऊन चहा झाला की वही उघडायची, असा नेम पहाटेच्या गजरापेक्षा जास्त टिकाऊ ठरू शकतो.

उरला प्रश्न चुकलेल्या दिवसाचा. एक दिवस गेला की सारे गेले, ही समजूत स्ट्रीक, म्हणजे न चुकलेल्या सलग दिवसांची साखळी, मोजणाऱ्या ॲपमुळे अधिक पक्की झाली आहे. लॅली यांच्या अभ्यासात नेमके हेही पाहिले होते, आणि एखादी खेप चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. भाषेच्या बाजूने पाहिले तर एका दिवसाच्या खंडाने शब्द पुसले जात नाहीत. उलट थोड्या अंतराने, विस्मरण सुरू झाल्यावर आठवायला लागलेला शब्द अधिक पक्का होतो, याची कल्पना हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दिली होती. शून्यापासून मोजण्याच्या नियमाचा परिणाम वेगळाच होतो. घरी पाहुणे आले, मूल आजारी पडले, जादा पाळी लागली, की एकोणिसाव्या दिवशी साखळी तुटते, आणि ज्याची सुरुवात चांगली झाली होती तो माणूस ‘आपल्यात चिकाटीच नाही’ असा निकाल स्वतःवर देऊन वही बंद करतो. हिशेब चुकीचा होता, हे त्याला कोणी सांगत नाही.

नोकरी करणाऱ्याला खरोखर रोज १५ मिनिटेच मिळत असतील तर ती जुने शब्द न पाहता आठवण्यासाठी आणि दोन-तीन वाक्ये स्वतः लिहिण्यासाठी ठेवावीत. त्याखेरीज आठवड्यातून तीन वेळा तास-दीड तासाची सलग बैठक हवी, ज्यात ऐकणे, बोलणे आणि नवे व्याकरण होईल, आणि आपले लिहिलेले तपासून देणारा कोणीतरी हवा. एवढे केले तर आठवड्याला साधारण सहा तास होतात. त्या गतीने ४५० तासांना किमान दीड वर्ष लागते. परीक्षेची तारीख ठरवताना धरायचा आकडा हा आहे.