‘डिले टाका, सिरियल डेटा पूर्ण येईल’: एक प्रतिवाद

इंदूरच्या मराठी अभियांत्रिकी विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर सिरियल डेटा (तारेवरून एकामागून एक येणारी अक्षरे) तुटक येत असेल, तर पहिले अक्षर आल्यावर १० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे प्रोग्रामला विराम, द्यावा आणि मग वाचावे, तरीही तुटला तर डिले वाढवावा, नाहीतर बॉड रेट (दर सेकंदाला किती बिट जातात तो वेग) कमी करावा. यातील एकही उपाय दुखण्याच्या मुळाशी जात नाही.

पहिला मुद्दा १० मिलिसेकंदांचा. छावनीच्या धान्य मंडीत लागेल तसा, वजन सतत पाठवत राहणारा इलेक्ट्रॉनिक तोलकाटा घेऊ. त्याची ओळ १६ अक्षरांची आणि वेग ९६०० बॉड आहे असे धरू. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे पूर्ण ओळ यायला जवळजवळ १७ मिलिसेकंद हवेत. दहा मिलिसेकंद थांबणाऱ्याच्या हाती दहा-अकरा अक्षरेच लागतात. १२४५० मधले शेवटचे शून्य गळून १२४५ उरले, तर ती चूक आहे अशी शंकाही कोणाला येणार नाही, आणि खरा धोका तोच आहे.

मग डिले १०० करावा? ऊनो या आर्डुइनो बोर्डाच्या रिसीव्ह बफरमध्ये (आलेली अक्षरे वाचली जाईपर्यंत साठवण्याच्या जागेत) ६३ बाइट, म्हणजे ६३ अक्षरे, मावतात. डिले चालू असतानाही इंटरप्ट (अक्षर आले की आपोआप चालणारा कोड) येणारी अक्षरे बफरमध्ये टाकत राहतो. पण काटा अखंड पाठवत असेल, तर बफर ६६ मिलिसेकंदांत भरतो आणि पुढची अक्षरे कोणतीही सूचना न देता टाकून दिली जातात. सिरियल मॉनिटरवरून (संगणकावरून बोर्डाला अक्षरे पाठवण्याच्या खिडकीतून) हाताने चार अक्षरे पाठवून पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. या सल्ल्याची ख्याती बहुधा अशाच चाचण्यांवर उभी आहे.

बॉड रेट कमी केल्याने तर उलटेच होते: १२०० बॉडला एक अक्षर ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे त्याच १० मिलिसेकंदांच्या डिलेत जेमतेम दोन अक्षरे मिळतात. अक्षरे तुटण्याऐवजी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर तो निराळा दोष आहे; दोन्हीकडचा बॉड रेट जुळतो का आणि आरएस-२३२ची (वेगळ्या व्होल्टेजवर चालणाऱ्या सिरियल जोडणीची) तार मॅक्स२३२ ही व्होल्टेज जुळवणारी चिप न लावता थेट पिनला जोडली आहे का, हे आधी पाहावे. तसे जोडल्यास पिन जळूही शकते.

आलेला मजकूर वाचणारे ‘रीडस्ट्रिंग’ हे तयार फंक्शन वापरा, असेही सुचवले जाते. ते फंक्शन शेवटच्या अक्षरानंतर एक सेकंद शांतता मिळेपर्यंत थांबते. सतत बोलणाऱ्या काट्यापुढे ते परततच नाही.

ओळ कुठे संपली हे घड्याळ सांगू शकत नाही, ते ओळीच्या शेवटी येणारे न्यूलाइन चिन्ह सांगते. म्हणून लूपच्या (प्रोग्रामच्या सतत पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) प्रत्येक फेरीत जेवढी अक्षरे आली असतील तेवढी उचलून अॅरेत (अक्षरांच्या ठरावीक लांबीच्या यादीत) ठेवावीत, न्यूलाइन आले की शेवटी शून्य बाइट (मजकूर संपल्याची खूण) लावून ओळ वापरावी आणि मोजणी पुन्हा शून्यावर आणावी. अॅरेच्या मर्यादेबाहेर लिहिले जात नाही ना, हे प्रत्येक अक्षराला तपासावे. बोर्ड सुरू झाल्यावरची पहिली ओळ मात्र टाकून द्यावी, कारण ती मधूनच पकडलेली असू शकते.