पंपावरचा पांढरा डाग

सेकंडहँड गाडीवर वॉरंटी घेताना मी कव्हर असलेल्या पार्टची यादी वाचली. इंजिन, गिअरबॉक्स, वॉटर पंप, सगळं होतं. सही केली. काय कव्हर नाही, ते पुढच्या पानावर होतं.

सात महिन्यांनी वॉटर पंप गेला, कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, उडालं. वॉरंटीवाल्यांचा सर्व्हेअर आला. पंपाखालच्या बारीक भोकापाशी त्याने टॉर्च मारली. तिथे सुकलेला पांढरट डाग होता. "लीकेज जुनं आहे." झालं, क्लेम रिजेक्ट! दोष आधीपासूनचा, शिवाय गाडी गरम झालेली असताना चालवली, असंही लिहून आलं.

अहो, ते भोक कंपनीच ठेवते. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पाझरावं म्हणून. डाग पडायला काही आठवडे पुरतात. गाडी विकताना तो होता हे कशावरून? वॉरंटी देण्याआधी गाडी त्यांनीच तपासली होती आणि त्या रिपोर्टवर कूलिंग सिस्टिमसमोर 'ओके' लिहिलंय! यावर उत्तर आलं, झीज कव्हर होत नाही. मग पंप झिजल्याशिवाय जातो कसा? तो यादीत घातला कशाला?

गाडी गरम असताना चालवली म्हणतात, तर टेंपरेचरच्या काट्याचंही तेच. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच काटा खरं सांगतो. कूलंट संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा मध्येच राहू शकतो. माझा राहिला. मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळल्याचा, पी०३०० कोड पडला होता. कोड पडतो त्या क्षणाचा वेग आणि सेन्सरचं टेंपरेचर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. सेन्सर नॉर्मल टेंपरेचर सांगत होता हे त्यात दिसलं असतं. पण आमच्या मेकॅनिकने सर्व्हेअर यायच्या आधीच, नेहमीच्या सवयीने, कोड क्लिअर केले आणि ही नोंदही पुसली गेली. त्याला दोष देत नाही, मलाच माहीत नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर कोणी पाना लावण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

परवा त्यांच्याच 'ओके' रिपोर्टची प्रत जोडून पुन्हा तपासणी करा असं पत्र दिलंय. जुना पंप गॅरेजमध्ये भंगारात चालला होता, तो मागून आणलाय. डागासकट, न धुता.